पोटोबाचे प्रश्न : कॅसिनोच्या बिल्डिंगीत जेवायचं कसं?

यंदा सुट्टीला सिंगापूर-मलेशियाची टूर काढलेल्यांचे प्रश्न एवढे आलेत की म्हटलं एक अख्खा भाग त्याच्यावरच घालूया. टूरवाले हल्ली मोठ्या कॅसिनो रिसॉर्टात नेऊन सोडतात, वरचा नजारा बघा, फोटो काढा आणि दुपारचं जेवण तुमचं तुम्ही बघून घ्या म्हणतात. मग माणूस खाली फूड हॉलात उतरतो, समोर चायनीज, मलाय, थाई, जपानी, कोरियन, इंडियन असे ओळीनं स्टॉल, फोटो सगळे चकाचक पण आत काय घातलंय कळायला मार्ग नाही, आणि शेवटी फ्रेंच फ्राईज खाऊन वर येतो. एवढे पैसे घालून तिथवर जाऊन फ्राईज खायचे म्हंजे काय खरं नाही.

प्रश्न : मुलानं बेंगळूरहून आमची दोघांची सिंगापूर टूर बुक केलीय. मरिना बे सँड्स बघायचं आणि तिथंच खाली जेवायचं म्हणतोय. आमच्या दोघांच्या गळ्यात माळ आहे, वारी चुकवत नाही. जुगाराच्या जागेत बसून जेवायचं मनाला पटंना झालंय. हे तर म्हणालेत मी बसमधनं उतरतच नाही. – एक माउली, खानापूर

उत्तर : माउली, काकांना आधी बसमधनं खाली उतरवा, कारण बस तिथं थांबणारच नाही, पार्किंगवाले हाकलतील. दुसरं म्हंजे ती सगळी बिल्डिंग कॅसिनो नव्हे. तीन टॉवरचं हॉटेल, माथ्यावर जहाजासारखा बाग-स्विमिंग पूल, शेजारी कमळासारखं दिसणारं म्युझियम, खाली मोठा मॉल, थिएटर, आणि त्यातला एक भाग कॅसिनो. २०१० साली हे सुरू झालं. कॅसिनोचं दार वेगळं, तिथं पासपोर्ट तपासतात, २१ वर्षांखालच्याला सोडत नाहीत, आणि खुद्द सिंगापूरच्या नागरिकाला आत जायला दिवसाचे १५० डॉलर भरावे लागतात, आपल्या लोकांना नाद लागू नये म्हणून सरकारनंच लावलेली ती पट्टी. परदेशी पाहुण्याला ती फी नाही, म्हणून काकांवर लक्ष ठेवा (हे गंमतीनं म्हटलं).

फूड हॉल आहे तो मॉलच्या तळमजल्याखाली, रासापुरा मास्टर्स नावाचा. तिथं जायला कॅसिनोतनं जावं लागत नाही, बेफ्रंट मेट्रो स्टेशनातनं उतरून मॉलमध्ये शिरलं की पोचलात. आजूबाजूला शाळेची पोरं, ऑफिसवाले, बाळाची गाडी ढकलणाऱ्या आया असतात, पत्ते-फासे काही दिसत नाही.

आता माळेचं. इथं मी खोटं सांगत नाही, मांसाहारी पदार्थ करणाऱ्या स्टॉलवर कढई आणि पळी तीच असते, "व्हेज करून द्या" म्हटल्यावर तो माणूस फक्त वरचे चिकनचे तुकडे काढतो. म्हणून मी सगळ्यांनाच एक सांगत असतो, ह्यात मांस आहे का असं विचारू नका, भात कशात शिजवलाय, सॉस कुठला, तेल कुठलं हे विचारा. तिथला प्रसिद्ध हैनानी चिकन राईस घ्या, त्यातला नुसता पांढरा भात मागितला तरी तो कोंबडीच्या चरबीत परतून कोंबडीच्याच पाण्यात शिजवलेला असतोय! दिसायला मात्र एकदम साधा, सोवळा भात. तुमच्यासाठी बरं म्हंजे इंडियन स्टॉल, नाहीतर पूर्ण शाकाहारी स्टॉल असेल तर तो. आणि तेवढ्यानंही मन मानत नसेल तर बेफ्रंटहून डाउनटाउन लाईनची मेट्रो थेट लिटल इंडियाला जाते, गाडी बदलायची नाही, चार स्टेशनं. तिथं सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासनं चालू असलेलं पूर्ण शाकाहारी, डोसा-भात-सांबार. जेवून परत या आणि रात्री आठ नाहीतर नऊचा पाण्यावरचा लाईट शो बघा, तो फुकट असतोय.

प्रश्न : आम्ही जैन, कांदा-लसूण नाही, कंदमुळं नाहीत, सूर्यास्तानंतर जेवण नाही. आठ दिवस नुसत्या फळांवर काढायचे काय? – बोरगाव, ता. निपाणी येथून एक काकू

उत्तर : काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरं आहे, आणि ते इंडियन स्टॉलवर नाही तर चायनीज स्टॉलवर आहे. चिनी बौद्ध लोकांचं जे शाकाहारी जेवण असतंय त्यात कांदा, लसूण, पातीचा कांदा असलं काहीच चालत नाही, त्यांच्या धर्मातच ते वर्ज्य. सिंगापूर-मलेशियात असले बौद्ध शाकाहारी स्टॉल ठिकठिकाणी आहेत, कित्येक फूड कोर्टात एखादा तरी सापडतोय. उलट आपल्या इंडियन स्टॉलवाल्याला "नो ऑनियन नो गार्लिक" म्हटलं की तो होय होय म्हणतो पण त्याची ग्रेव्ही सकाळीच होऊन बसलेली असते.

पण तिथंसुद्धा डोळे उघडे ठेवायचे. त्यांना बटाटा, गाजर, मुळा, कमळाचा देठ, मशरूम सगळं चालतंय, ते तुम्हाला चालत नाही. म्हणून तोफू (सोयाबीनचं पनीर), पालेभाजी, कोबी, दुधी असलं बोटानं दाखवून घ्या. "कॅरट केक" नावाचं एक मिळतंय, ते ना गाजराचं ना केक, तांदळाचं पीठ आणि मुळा वाफवून अंड्यात परततात, ते नकोच. आणि काउंटरवर बदकाचा तुकडा, माशाचा तुकडा मांडलेला दिसला तर घाबरून पळू नका, तो सोयाबीनचा नाहीतर गव्हाच्या सत्त्वाचा असतोय, नुसता आकार तसा दिलेला. खायचं का नाही ते तुमच्या मनावर. मला विचाराल तर मला ते आवडत नाही, मांस सोडलेल्यानं मांसाचं नाटक कशाला खायचं.

सूर्यास्ताचं सोपं आहे, सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यानं बारा महिने सूर्य संध्याकाळी सातच्या आसपासच मावळतो. टूरवाल्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की आम्हाला सहाला जेवायचंय, त्यांचं डिनर साडेआठला असतंय आणि तेव्हा तुम्ही हात जोडून बसणार. सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्याच, आपली कडक भाकरी आठ दिवस काय पंधरा दिवस हलत नाही.

आणि निपाणीकरांनो सगळ्यांनाच सांगतोय, तंबाखूची पुडी घरात ठेवून जावा. खायची तंबाखू, जर्दा, गुटखा सिंगापुरात नेणं बेकायदा आहे. च्युइंगमसुद्धा नेऊ देत नाहीत. आपल्याकडं तंबाखूचा मोठा बाजार असला तरी चांगी एअरपोर्टवर तो अभिमान चालत नाही.

प्रश्न : सर मी सगळं खातो. कॅम्पातल्या आणि खडेबाजारच्या गाड्यावरचं शेजवान, मंचुरियन खाऊन खाऊन मोठा झालोय. असल्या फूड हॉलात पहिल्यांदा काय घेऊ आणि काय टाळू? गोबी मंचुरियन तिथलं ओरिजिनल मिळंल काय? – कॉलेजचा विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : गोबी मंचुरियन ओरिजिनल पाहिजे तर मुंबईला जा बाबा. मंचुरियन हे मुंबईत सत्तरच्या दशकात जन्माला आलंय, नेल्सन वांग ह्या शेफचं नाव त्याला जोडतात, चीनमधल्या मंचुरियात ते कुणाला ठाऊक नाही. आणि आपल्या कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली ते लक्षात असेलच, नमुन्यात घातक रंग सापडले होते. लालभडक म्हंजे चांगलं ही सवय आधी सोड, तिथं रंग फिक्का आणि चव जबरदस्त असं बरंच मिळतंय.

सुरुवात लाक्सानं कर. नारळाच्या दुधाचा रस्सा, त्यात मसाला आणि वाळवलेली सुंगटं वाटून घातलेली, आत तांदळाच्या शेवया, झिंगे, माशाचे केक. गोव्याची किनार जवळ असल्यानं आपल्या जिभेला हे लगेच कळतंय. कातोंग भागातल्या लाक्सात शेवया बारीक कापलेल्या असतात, नुसत्या चमच्यानं खायचं. मग चार क्वे तिआओ, म्हंजे तांदळाच्या रुंद नूडल्स मोठ्या आचेवर काळ्या सोया सॉसमध्ये परतलेल्या, धुराचा वास लागलेल्या, पण ऐक, त्यात जुन्या पद्धतीनं डुकराची चरबी, चिनी सॉसेज आणि शिंपल्या असतात, चालत असेल तरच घे. बाक कुत तेह म्हंजे डुकराच्या फासळ्यांचा मिरीचा रस्सा, पावसात भिजून आल्यावर प्यावा असा. सातेय म्हंजे काडीवर भाजलेलं चिकन नाहीतर मटण आणि सोबत शेंगदाण्याची दाट चटणी. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यानं ह्या स्टॉलपासनं लांब राहावं.

तुझ्या शेजवानबद्दल. तिथं "माला" नावाचे स्टॉल असतात, चीनच्या सिचुआन प्रांताच्या पद्धतीचे, तेच खरं शेजवान. ट्रे घेऊन भाजी, मांस, नूडल्स, तोफू आपण उचलायचं, तो वजन करून पैसे सांगतो आणि तिखट मसाल्यात परतून देतो. त्यात घालतात ती सिचुआन मिरी, जीभ बधिर करणारी, ती आपल्या कोकणात-गोव्यात बांगड्याच्या आमटीत घालतात त्या तिरफळाची सख्खी चुलतबहीण, एकाच कुळातली झाडं. चव बघितलीस की लगेच ओळखशील. फक्त उचलताना हात आवर, वजनावर पैसे असल्यानं मित्रामित्रांत भांडं भरून घेतलं की बिल बघून तिखटाच्या आधीच घाम फुटतोय.

बीफ खात नसशील तर आधीच सांग, रेंदांग (मसाल्यात आटवलेलं मटणासारखं) आणि नूडल सूपमध्ये ते सर्रास असतंय. स्टॉलवर "नो पोर्क नो लार्ड" लिहिलंय म्हंजे हलाल झालं असं नव्हे, हलालचं सर्टिफिकेट वेगळं, मुईस ह्या तिथल्या इस्लामी मंडळाचं. तुझे मुस्लिम मित्र सोबत असतील तर त्यांना हे सांगून ठेव.

गोडात चेंडोल खा. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, माडाचा गूळ आणि हिरव्या शेवया. काया टोस्टपण चांगला पण त्यातला तो नारळाचा जॅम अंड्याचा असतोय, घरच्या शाकाहारी मंडळींना नारळ म्हणून भरवू नकोस.

प्रश्न : चौघांचं कुटुंब, दोन पोरं. फूड हॉलात एका वेळेला किती खर्च येईल? टूरवाला म्हणतोय स्वस्त असतंय. – संकेश्वर

उत्तर : स्वस्त कशाच्या मानानं ते टूरवाल्याला विचारा. त्याच मरिना बे सँड्समध्ये गॉर्डन रॅमसे, वोल्फगँग पक असल्या जगप्रसिद्ध शेफची रेस्टॉरंटं आहेत, त्याच्या मानानं फूड हॉल स्वस्त. बाहेरच्या हॉकर सेंटरच्या, म्हंजे गाडेवाल्यांच्या एकत्र बाजाराच्या मानानं महाग. साधारण धरायचं तर फूड हॉलात एक डिश १० ते १५ डॉलर, हॉकर सेंटरला तसलीच ५-६ डॉलरात. सिंगापूर डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास धरा आणि गुणाकार घरीच करून जावा, तिथं ताटासमोर बसून करू नका, घास उतरत नाही.

फूड हॉलचा खरा फायदा वेगळा आहे. मोठ्या रेस्टॉरंटात मेनूवर किमतीपुढं दोन अधिकची चिन्हं असतात, म्हंजे त्या किमतीवर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर ९ टक्के जीएसटी. फूड हॉलात सर्व्हिस चार्ज नाही, पाटीवर लिहिलेलं तेवढंच द्यायचं. पाणी मात्र फुकट मिळत नाही, बाटली भरून न्या, नळाचं पाणी तिथं बिनधास्त पितात. टिश्यू पेपरपण स्वतःचा न्या. पोरांना दोन डिश चौघांत वाटून घ्यायची सवय लावा, कुणी नावं ठेवत नाही.

एक वेळ फूड हॉल, एक वेळ हॉकर सेंटर असं करा. मरिना बेपासनं जवळ लाउ पा सात आहे, जुन्या लोखंडी बांधणीचा बाजार, संध्याकाळी शेजारचा रस्ता बंद करून सातेयच्या गाड्या लागतात. ही हॉकर सेंटरं म्हंजे एकेकाळचे रस्त्यावरचे गाडेवालेच. सरकारनं साठच्या दशकाच्या शेवटी त्यांची नोंदणी केली, मग १९७१ ते १९८६ मध्ये पाणी, गटार, छप्पर असलेल्या जागा बांधून तिथं बसवलं, आणि २०२० मध्ये युनेस्कोनं ह्या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. रिसॉर्टमधला फूड हॉल ही त्याचीच एसी लावलेली आवृत्ती, चव थोडी पर्यटकाच्या तोंडाला सोपी केलेली. माझं मत विचाराल तर चव हॉकर सेंटरची, बसणं फूड हॉलचं. म्हातारी माणसं आणि लहान पोरं सोबत असली की एसी आणि स्वच्छ बाथरूम ह्याची किंमत डॉलरात होत नाही.

प्रश्न : मित्र म्हणतात सिंगापूरला कशाला, चोर्ला घाटातनं पणजीला जाऊ, मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर तिकिटातच अनलिमिटेड जेवण आहे, त्यात एशियन काउंटरपण असतंय. बरोबर काय? – हिंडलगा

उत्तर : तिकिटात जेवण असतंय हे बरोबर, पण ते जेवणाचं तिकीट नव्हे. लास व्हेगासमध्ये १९४० च्या दशकापासनं स्वस्त बुफेची जी युक्ती चालत आली तीच ही, माणसाचं पोट भरलेलं ठेवायचं म्हंजे तो टेबलावरनं उठत नाही. बुफेतल्या नूडल्स तासभर झाकणाखाली घामेजतात, फूड हॉलात तुमच्यासमोर कढई तापते आणि तुमचीच एक प्लेट निघते, ह्या दोन्हीची तुलनाच नको. खेळायचं ठरवून जाताय तर जावा, २१ पूर्ण पाहिजे, गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासनं बंदी आहे पण बेळगावकरांना नाही. नुसतं खायला जाताय तर पणजीत फिश थाळी खावा आणि घाट उजेडात चढून या.

प्रश्न : कंपनीची ट्रिप मकाऊला आहे. तिथं काय? – उद्यमबाग

उत्तर : चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाऊत गोवा शोधा. दोन्हीकडं पोर्तुगीज, गोव्यातनं १९६१ ला गेले, मकाऊतनं १९९९ ला. त्यामुळं सेरादुरा नावाचं बिस्किटाचा भुगा आणि क्रीमचं पुडिंग गोव्यातही मिळतंय आणि तिथंही. कोलोआनमधल्या लॉर्ड स्टोज बेकरीचा एग टार्ट गरम खा. आफ्रिकन चिकन म्हणून एक आहे, नारळ, शेंगदाणे आणि पिरी-पिरीचं, नाव आफ्रिकेचं असलं तरी पदार्थ मकाऊचाच. व्हेनेशियन हे तिथलं कॅसिनो रिसॉर्ट २००७ चं, आत नकली कालवा आणि होड्या, वरच्या मजल्यावर फूड कोर्ट. शाकाहाऱ्यांचे मात्र हाल, ते सोबत पुडी बांधून नेतील तर बरं.

प्रश्न : मुलगा लास व्हेगासला नेणार आहे. तिथल्या रिसॉर्ट्स वर्ल्डमध्ये एशियन फूड हॉल आहे म्हणतो. – सदाशिवनगर येथील आजी

उत्तर : आहे आजी, फेमस फूड्स नावाचा. रिसॉर्ट जून २०२१ ला उघडलं, मलेशियाच्या गेंटिंग कंपनीचं, म्हणून उघडलं तेव्हा तिथं मलेशियातल्या पेनांगच्या चार क्वे तिआओचा स्टॉलसुद्धा पोचला होता. दोन गोष्टी, पाटीवरच्या किमतीवर आठ टक्क्यांच्या वर टॅक्स लागतो आणि पैसे देताना स्क्रीन टीप मागते, ती दिलीच पाहिजे असं नाही. नातवंडं बरोबर असतील तर कॅसिनोच्या मशीनजवळ थांबू नका, पोरांना तिथनं चालत पुढं जायची मुभा असते, रेंगाळायची नाही.

प्रश्न : गेंटिंग हायलँडला खायला काय चांगलं? – चिकोडी

उत्तर : मलेशियातल्या ह्या डोंगरावरच्या रिसॉर्टात केबल कारनं वर गेलात की मॉलमध्ये मलेशियन फूड स्ट्रीट आहे, जुन्या गल्लीसारखी सजवलेली. रोटी चनाई (पराठ्यासारखी मैद्याची रोटी) घ्या, सोबत डाळीची करी मागा, न सांगता माशाची करी येऊ शकते. नासी लेमाकच्या नारळी भातावरच्या तिखट चटणीत सुकी मासळी असतेय, शाकाहाऱ्यानं नुसतं भात-काकडी म्हणून घेऊ नये. वर थंडी असतेय, स्वेटर बॅगेत खाली ठेवू नका.

प्रश्न : गर्दीत जागा कशी धरायची, आणि चॉपस्टिक जमत नसतील तर? – हुक्केरी

उत्तर : जागा धरायची पद्धत आपल्या एसटीत खिडकीतनं रुमाल टाकतो तीच, तिथं टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात आणि ते पाकीट कुणी हलवत नाही. तुम्हीपण दुसऱ्याचं हलवू नका. चॉपस्टिक जमत नसेल तर काटा-चमचा ठेवलेला असतोय, मागायलाही लागत नाही, आणि रोटी हातानंच खायची. खाऊन झालं की ट्रे उचलून ठरलेल्या रॅकवर ठेवायचा, हलाल आणि बिगरहलाल ट्रेचे रॅक बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात ते बघून. ट्रे टाकून उठलात तर सिंगापुरात आधी समज देतात, लेखी ताकीद देतात, आणि तरी नाही ऐकलं तर ३०० डॉलर दंड.

कॉफीचं विचारलं नाहीत पण सांगतो, "कोपी" म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कची येते, "कोपी ओ" म्हटलं की काळी पण साखरेची, आणि डायबेटिस असेल तर "कोपी ओ कोसोंग" म्हणायचं.

पुढच्या भागासाठी अमीनगडच्या आणि गोकाकच्या करदंटावरचे प्रश्न आलेत, अजून कुणाचे असतील तर वीस तारखेच्या आत पाठवा.